फेफरे, मूर्च्छा आणि नाडी

वाचकहो, रस्त्यात माणूस पडला म्हणजे काय होते, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. एसटी स्टँडवर, देवळाच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात एखादा माणूस उभ्या उभ्या कोसळतो. डोळे फिरतात, हातपाय झाडले जातात, दातखिळी बसते. लोक धावतात. कुणी ओरडतो, "कांदा आणा, कांदा!" कुणी पायातली चप्पल काढून नाकाशी धरतो. कुणी किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबतो. मिनिटा-दोन मिनिटांत माणूस डोळे उघडतो, इकडे तिकडे बघतो, ओशाळतो. आणि गर्दीतला एखादा जाणता मान डोलावून निकाल देतो, "फेफरं आहे बिचाऱ्याला."

या निकालावर अपील नसते. आमच्या घरी हा निकाल माझ्या धाकट्या आत्याला लागला होता. विहिरीवर, चुलीपुढे, एकदा तर ऐन गणपतीच्या आरतीत ती पडली. दोन ठिकाणी ठरत आलेले लग्न मोडले. तिसऱ्यांदा कुणी विचारायला आले नाही. पंधरा वर्षे ती गुंगीच्या गोळ्या घेत होती आणि पंधरा वर्षे पडत होती. शेवटी तिचे काय झाले ते पुढे सांगेन. मी इतिहासाचा अध्यापक, वैद्यकाचा नव्हे. पण ज्या चुकीने आमच्या आत्याचे आयुष्य बदलले, त्या चुकीलाही इतिहास आहे, आणि तो शोधता शोधता मी बराच लांब जाऊन आलो. तोच प्रवास आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

आरंभ जुन्या ग्रंथांपासून करू. फेफऱ्याला आपल्याकडचा शास्त्रीय शब्द अपस्मार. स्मृती निघून जाणे हा त्याचा अर्थ. चरकसंहितेत त्याचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार सांगितले आहेत. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी 400 च्या सुमारास हिपॉक्रेटीसच्या परंपरेतल्या एका लेखकाने फेफऱ्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. लोक या रोगाला दैवी समजत. हा लेखक म्हणतो की, यात दैवी असे काही नाही, याचे मूळ मेंदूत आहे. केवढे हे धाडस! पण याच परंपरेतल्या सूत्रसंग्रहात आणखी एक निरीक्षण आहे, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. उघड कारण नसताना ज्यांना वारंवार आणि जोराची मूर्च्छा येते, ते अचानक मरतात, असा त्याचा आशय आहे. म्हणजे पडणारी माणसे दोन प्रकारची असावीत, ही शंका दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन गेली होती.

आपल्याकडेही तसेच. शार्ङ्गधराने नाडीपरीक्षेचे प्रकरण लिहिले, त्यात थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक मानली आहे. अपस्माराचा विचार मात्र वेगळ्या प्रकरणात. दोन्ही गोष्टी माहीत होत्या. पण त्या एकाच माणसाच्या अंगी एकाच क्षणी असू शकतात, हे दिसायला पडलेल्या माणसाचे मनगट धरून बसणारा कुणीतरी हवा होता.

असा एक माणूस पादुआ येथे भेटतो. जिओव्हानी बातिस्ता मोर्गान्यी हे त्याचे नाव. रोगांची स्थाने आणि कारणे शवविच्छेदनाने शोधणारा त्याचा प्रचंड ग्रंथ 1761 साली निघाला, तेव्हा तो एकोणऐंशी वर्षांचा होता. या ग्रंथात त्याने आपल्याच नगरातल्या एका वृद्ध धर्मगुरूची हकीकत दिली आहे. या गृहस्थांना फेफऱ्यासारखे झटके येत आणि त्यांची नाडी विलक्षण मंद असे. मोर्गान्यीने दोन्ही गोष्टी एकत्र नोंदवल्या. पण झटक्यांना त्याने नाव दिले ते फेफऱ्याचेच. चूक पुराव्यात नव्हती, नावात होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही चूक चांगली ओळखीची असते. कागद हाती असतो, पण आपण तो जुन्याच दप्तरात खोचून ठेवतो.

आता आपण डब्लिनला जाऊ. तिथला शल्यवैद्य रॉबर्ट अ‍ॅडम्स याने 1827 साली एका अडुसष्ट वर्षांच्या सरकारी महसूल अधिकाऱ्याची हकीकत प्रसिद्ध केली. सात वर्षांत या गृहस्थांना बेशुद्धीचे वीसएक झटके आले होते. नाडी मिनिटाला तीसच्या आसपास. मृत्यूनंतर पाहिले तो हृदयच रोगट. अ‍ॅडम्सने ठाम मत दिले की, अशा रोग्यांत मेंदूचा झटका हा मूळ रोग नव्हे; मूळ रोग हृदयाचा, झटका हे त्याचे लक्षण. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अशा रोग्याचे रक्त काढीत. आधीच रक्ताला आचवलेल्या मेंदूला हा केवढा उपकार, याची कल्पना करा!

एकोणीस वर्षांनी, 1846 साली, त्याच शहरातला विल्यम स्टोक्स याने कायम मंद नाडी असलेल्या रोग्यांवर निबंध लिहिला. त्यातला एक रोगी मला फार आवडतो. हाही अडुसष्ट वर्षांचाच. याला झटका येणार हे आधी कळे. कळताच तो जमिनीवर हातागुडघ्यांवर रांगत्या मुलासारखा व्हायचा, डोके खाली घालायचा, आणि पुष्कळदा झटका टळायचा. वैद्यकशास्त्राला जे अजून नीट उमगले नव्हते, ते त्या बापड्याने अनुभवाने ओळखले होते की, डोक्याला रक्त कमी पडते आहे, तर डोके खाली न्यावे. स्टोक्सने आणखी एक गोष्ट पाहिली. या रोग्याच्या मानेतल्या शिरा जितक्या वेळा उडत, त्याच्या निम्म्याहूनही कमी ठोके खालचे हृदय देई. म्हणजे हृदयाचा वरचा भाग हाका मारतो आहे आणि खालचा भाग दोन हाकांना एकदाच ओ देतो आहे! या दोघा डब्लिनकरांच्या नावाने हा विकार आजही ओळखला जातो.

हाक मध्येच कुठे अडते, हे कळायला आणखी साठ वर्षे गेली. 1893 मध्ये विल्हेल्म हिस याला हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा एक बारीक स्नायूंचा पट्टा सापडला. 1906 मध्ये जर्मनीत मार्बुर्ग येथे काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी तरुणाने त्या पट्ट्याच्या मुळाशी असलेली गाठ दाखवली. पुढच्याच वर्षी कीथ आणि फ्लॅक या दोघांनी ठोक्यांचा आरंभ जिथे होतो ती गाठ शोधली. थोडक्यात, हृदयात एक तारायंत्र आहे. वरच्या गाठीतून संदेश निघतो, मधल्या गाठीपाशी क्षणभर थांबतो आणि पट्ट्यावाटे खाली पोचतो. मधली तार तुटली की खालचे कप्पे आपल्या मनाने, अगदी सावकाश चालतात. आणि कधी कधी काही सेकंद चालतच नाहीत.

ही तार ऐकण्याचे यंत्रही याच सुमारास तयार झाले. हॉलंडात लायडन येथे विलेम आइंटहोव्हेन याने आपले तारेचे गॅल्व्हानोमीटर उभे केले आणि 1903 साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. वजन सुमारे 270 किलो, चालवायला पाच माणसे! रोग्याने दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे. रोगी रुग्णालयात, यंत्र प्रयोगशाळेत. म्हणून 1905 साली त्याने दोन्हींमध्ये दीड किलोमीटर तार ओढली. 1924 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आज तालुक्याच्या दवाखान्यात निघणारा कार्डिओग्राम हा त्याच अजस्र यंत्राचा वंशज.

आता तुम्ही विचाराल, रोग हृदयाचा, तर हातपाय का झाडले जातात? प्रश्न अगदी रास्त आहे. असे पाहा, मेंदूकडे प्राणवायूची शिल्लक जवळजवळ नसतेच. त्याचे हातावर पोट. रक्त थांबले की दहा सेकंदांच्या आत शुद्ध जाते. आणखी काही सेकंद गेले की उपाशी मेंदूच अंगाला हिसके देऊ लागतो. बर्लिनमध्ये काही निरोगी तरुणांना मुद्दाम, क्षणभराची मूर्च्छा आणून तिचे चित्रीकरण केले. 1994 साली त्याचा निष्कर्ष आला. 42 जण पूर्ण बेशुद्ध झाले आणि त्यांतल्या दहांपैकी नऊजणांच्या अंगाला हिसके बसले, बहुतेकांचे डोळे उघडेच राहिले. यांतल्या कुणालाही फेफरे नव्हते, बरं का! तेव्हा हिसके दिसले म्हणून फेफरे, हा गर्दीतल्या जाणत्याचा निकाल पुराव्यावर टिकत नाही.

आतापर्यंतचे रोगी म्हातारे. पण या कथेचा सर्वांत दुःखद भाग मुलांचा आहे.

1856 साली लाइपत्सिग येथे मायस्नर नावाच्या वैद्याने मूकबधिर मुलांविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात एका बहिऱ्या मुलीचा उल्लेख आहे. काही क्षुल्लक अपराधाबद्दल तिला शाळेच्या प्रमुखांपुढे सर्वांदेखत उभे केले, आणि ती तिथल्या तिथे कोसळून मेली. आईबापांना कळवले, तर त्यांना दुःख झाले पण आश्चर्य वाटले नाही. तिची दोन भावंडे अशीच गेली होती, एक भीतीने, एक संतापाने. शंभर वर्षे ही नोंद तशीच पडून होती.

1957 साली नॉर्वेमधल्या येर्व्हेल आणि लांगे-नील्सन या दोघा डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकीकत छापली. आईबाप धडधाकट. सहा मुले, त्यांतली चार जन्मतः बहिरी. या चौघांनाही झटके येत, आणि त्यांतली तिघे चार, पाच आणि नऊ वर्षांची असताना अचानक गेली. कार्डिओग्राम काढला तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचे स्नायू पुढच्या ठोक्यासाठी नव्याने सज्ज होतात. या सज्ज होण्याला या मुलांत नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागत होता. फरक सेकंदाच्या शतांश भागांचा. पण त्या अर्धवट सज्ज अवस्थेत भीतीचा, धावण्याचा धक्का बसला की सारी लय विस्कटते, हृदय नुसते थरथरते आणि रक्त पुढे जात नाही. लय आपोआप सावरली तर मूल उठून बसते. आणि बघणारे म्हणतात, फीट आली होती. लय सावरली नाही, तर म्हणायला काही उरत नाही.

पुढे 1963 साली जेनोआचा रोमानो आणि 1964 साली डब्लिनचा वॉर्ड यांनी, एकमेकांना न कळता, हाच विकार चांगले ऐकू येणाऱ्या मुलांतही दाखवून दिला. पुन्हा डब्लिनच! 1990 च्या दशकात त्यामागची जनुके सापडू लागली आणि बहिरेपणाचे कोडेही सुटले. पोटॅशियमची ये-जा करणारी जी सूक्ष्म वाट हृदयाच्या स्नायूत असते, तीच आतल्या कानातही असते. ती दोन्हीकडे बिघडली म्हणजे कानही जातो आणि लयही. मात्र त्यासाठी सदोष जनुक आईकडून आणि बापाकडून असे दोन्हींकडून यावे लागते. नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या घरांत आहे, त्यांनी हे लक्षात ठेवायला हवे. घरात बहिरे मूल असेल आणि त्याला झटके येत असतील, तर ते दैवाला बोल लावून सोडून देण्याजोगे नाही. त्याचा कार्डिओग्राम निघालाच पाहिजे.

उपायांचा इतिहास त्यामानाने सुखाचा आहे. 1952 साली बोस्टनच्या पॉल झोल याने छातीवरून विजेचे ठोके देऊन थांबणारे हृदय चालू ठेवले. उपाय लागू पडला, पण वेदना फार. मग 8 ऑक्टोबर 1958 या दिवशी स्टॉकहोमजवळ ओके सेनिंग या शल्यवैद्याने आणि रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तयार केलेला पेसमेकर प्रथमच माणसाच्या शरीरात बसवला गेला. रोगी त्रेचाळीस वर्षांचे आर्ने लार्सन. त्यांना दिवसाला वीस-तीस झटके येत. यंत्र अजून माणसात बसवण्याजोगे झालेले नाही असे दोघेही सांगत होते, पण लार्सनबाईंनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. पहिले यंत्र काही तासच चालले. पण लार्सन मात्र 2001 पर्यंत, शहाऐंशी वर्षांचे होईपर्यंत जगले; मध्ये वीसहून अधिक यंत्रे बदलली. शल्यवैद्य आणि अभियंता दोघेही त्यांच्या आधी गेले! लांबलेल्या लयीच्या मुलांसाठी 1960 च्या दशकापासून हृदयावरचा धक्क्याचा जोर कमी करणाऱ्या गोळ्या आल्या, आणि 1980 साली लय विस्कटताच आतल्या आत विजेचा झटका देऊन ती सावरणारे यंत्र प्रथम माणसात बसवले गेले.

म्हणजे उपाय आहेत. अडते ते निदानापाशी. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत फेफऱ्याचे निदान झालेले, पण औषधांनी गुण न येणारे किंवा निदान संशयास्पद असलेले 74 रोगी पुन्हा तपासले होते. त्यांतल्या 31 जणांचा विकार हृदयाशी किंवा रक्ताभिसरणाशी निगडित निघाला. ही निवडक रोग्यांची पाहणी आहे, हे विसरू नये. फेफऱ्याचे निदान झालेले बहुसंख्य लोक खरोखरच फेफऱ्याचेच रोगी असतात आणि त्यांना औषधांनी उत्तम गुण येतो. तेव्हा हा लेख वाचून कुणीही आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. तसे करणे जिवावर बेतू शकते.

पण शंका केव्हा घ्यावी, हे सांगता येते. खऱ्या फेफऱ्यात माणूस शुद्धीवर आल्यावरही पुष्कळ वेळ गोंधळलेला, झोपाळलेला असतो. जिभेची कड चावली जाते. हृदयाच्या मूर्च्छेत माणूस आधी पांढराफटक पडतो, हिसके थोडा वेळ असतात आणि शुद्ध येताच तो बहुधा नीट बोलू लागतो. पळताना, पोहताना, दचकल्यावर किंवा रागाच्या भरात झटका आला, घराण्यात कुणी तरुणपणी एकाएकी गेले असेल, पोहता येत असूनही कुणी बुडाले असेल, तर हे सारे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतील याची वाट पाहू नका. आणि पहिल्या झटक्यानंतर मेंदूच्या तपासण्यांबरोबर कार्डिओग्रामही काढला का, एवढे जरूर विचारा. एक कार्डिओग्राम निर्दोष आला म्हणून शंका मिटत नाही, हेही ध्यानात असू द्या.

नावाची चूक ही नुसती कागदावरची चूक राहत नाही, हे मी आमच्या घरात पाहिले. फार लांब कशाला, आपल्या कायद्यातच पाहा. हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्यात 1976 साली दुरुस्ती झाली आणि वारंवार फेफऱ्याचे झटके येणे ही विवाहाला बाध आणणारी गोष्ट ठरली. 1999 साली तो शब्द कायद्यातून काढला गेला. मधल्या तेवीस वर्षांत फेफऱ्याच्या रोग्यांवर अन्याय झालाच. आणि ज्यांना फेफरे नव्हतेच, त्यांच्यावर तो दुहेरी झाला. रोग चुकीचा, आणि शिक्षा मात्र खरी.

आता आत्याचे सांगतो. 2001 सालच्या पावसाळ्यात ती पायरीवरून पडली आणि हात मोडला. प्लॅस्टर घालायला नेले तिथे एक नवखी डॉक्टरीण होती. तिने दुसऱ्या हाताचे मनगट धरले आणि घड्याळाकडे पाहत राहिली. माझ्या वडिलांना वाटले, मुलगी शिकाऊ आहे, नाडी सापडत नसावी. पण ती पूर्ण एक मिनिट मोजत होती. मग तिने पुन्हा एक मिनिट मोजले. चौतीस. याआधी मनगट कुणी धरले नव्हते असे नाही. पण कपाळावर 'फेफरे' लिहिलेले असल्यामुळे मंद नाडी म्हणजे अशक्तपणा, असे समजून जो तो हात सोडून देत असे. कार्डिओग्राम निघाला. मधली तार बहुधा जन्मापासूनच तुटलेली होती. महिन्याभरात पेसमेकर बसला आणि पुढे डॉक्टरांनीच गुंगीच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या.

आत्या त्यानंतर पडलेली नाही. आता ती सत्तरीला आली आहे. आरतीला सर्वांच्या पुढे उभी असते. एकदा मी तिला अ‍ॅडम्स, स्टोक्स, मोर्गान्यी यांची सगळी हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "अरे, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच कळलं होतं म्हणायचं. मग मला का नाही रे कुणी सांगितलं?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून वाचकहो, एवढेच सांगणे. तुमच्यासमोर कुणी कोसळले तर कांदा, चप्पल, किल्ल्या शोधू नका. तोंडात काही घालू नका. त्याला कुशीवर वळवा, गर्दी हटवा, आणि तो श्वास घेतो आहे ना, ते पाहा. श्वास नसेल तर छाती दाबायला लागा आणि 108 ला फोन लावा. श्वास चालू असेल, तर त्याचे मनगट हाती घ्या, घड्याळ पाहा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. जो आकडा येईल तो कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवा. तो आकडा पुढे एखाद्या डॉक्टरच्या फार उपयोगी पडेल.